हलत्या गोष्टींचा पॅनोरमा: बारागाड्या, मालगाडी आणि सारंगखेड्याचे घोडे

पांझराकाठ

राम राम मंडळी.

प्रवासातले पॅनोरमा आपल्याकडे भरपूर येतात. तोरणमाळचा यशवंत तलाव, पाटणादेवीचं खोरं, चांगदेवजवळचा तापी-पूर्णा संगम. या जागा कुठे पळून जात नाहीत, फोन सावकाश फिरवला की काम होतं. पण खान्देशात डोळे भरून बघावं असं बरंच काही चालतं-पळतं आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) बारागाड्या, म्हणजे एकामागे एक बांधून ओढलेल्या गाड्या, जळगावचा रामरथ, मुक्ताईची पालखी, सारंगखेड्याच्या यात्रेतली घोड्यांची दौड, काठी गावच्या होळीतला फेर, आणि भुसावळवरून रात्रंदिवस जाणाऱ्या मालगाड्या. यातल्या बऱ्याच गोष्टींची शान त्यांच्या लांबीत आहे. ती एका चौकटीत मावत नाही. आणि फोनचा पॅनोरमा लावला तर माणसाला तीन पाय येतात, गाडीला अर्धंच चाक.

हे का होतं ते कळलं की उपाय आपोआप सुचतो, म्हणून आधी तेच लिहितो.

पॅनोरमा मोडमध्ये फोन एक मोठा फोटो काढत नसतो. तो फिरता फिरता उभ्या अरुंद पट्ट्या घेतो आणि शेजारी शेजारी चिकटवतो. दाराच्या फटीतून मिरवणूक पाहावी, तसं. म्हणजे चित्राची डावी कड आणि उजवी कड एकाच वेळेची नसते, मध्ये आठ-दहा सेकंद गेलेले असतात. फोन ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने कुणी चालत असेल तर तो फटीसमोर जास्त वेळ राहतो आणि ताणून लांबट येतो. उलट दिशेने येणारा चटकन निसटतो, तो चेपलेला येतो. आणि पट्ट्या जुळवताना फोनला वाटतं की समोरचं सगळं स्थिर आहे, त्यामुळे जोडावर हातपाय तुटतात.

युक्ती जुनी आहे. १९०४ साली पेटंट झालेला सर्कट कॅमेरा चावीवर गोल फिरायचा आणि आत फिल्म फटीमागून सरकत जायची. फौजेच्या पलटणी, शाळांचे लांबलचक ग्रुप फोटो त्यावर निघायचे. एखादा पोरगा डाव्या टोकाला उभा राहायचा, कॅमेरा पुढे सरकला की मागून धावत उजव्या टोकाला जायचा, आणि एकाच फोटोत दोनदा यायचा. २००९ साली सोनीने तोच प्रकार स्वीप पॅनोरमा म्हणून छोट्या कॅमेऱ्यात आणला आणि मग तो फोनमध्ये आला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: दोघांपैकी एकालाच फिरू द्या. कॅमेरा फिरणार असेल तर हलणारी गोष्ट एका फ्रेममध्ये पूर्ण पकडा आणि जोड तिच्यापासून लांब ठेवा. ती गोष्टच लांब असेल तर कॅमेरा खिळवून ठेवा, तिला समोरून जाऊ द्या. दोन्ही एकदम फिरवलं की कितीही महागडा फोन घ्या, चित्र तुटणारच.

पहिल्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण मिरवणुकीत तोच जास्त उपयोगी. पॅनोरमा मोड बंद. कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर (उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगछटा) आणि फोकस तिन्ही लॉक करा, आणि एकेक फोटो घेत चला. शेजारच्या दोन फोटोंत निदान एक तृतीयांश भाग सामाईक हवा, गर्दी असेल तर निम्मा. हात लांब करून कमरेतून वळू नका. कोपरं अंगाला लावा आणि फोनभोवती आपण फिरा. नाहीतर जवळचा खांब आणि मागचं घर यांचं नातं दर फ्रेमला बदलतं आणि ते पुढे कशानेच जुळत नाही. घरी आल्यावर हगिन हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. त्यात जुळणीचे बिंदू हलत्या गोष्टींवर बसले असतील तर खोडून टाका. फक्त घरं, खांब, झाडांची खोडं यांच्यावर राहू द्या. ढगांवरचे बिंदू काढायला सेलेस्ट नावाची सोय त्यातच आहे. मग मास्कच्या टॅबमध्ये जाऊन ज्या फ्रेममध्ये माणूस धड आलाय ती ठेवा म्हणून सांगा, दुसऱ्या फ्रेममधला तोच माणूस वगळा.

रामरथाला ही पद्धत फार चांगली लागू पडते. कार्तिकी एकादशीला रथ सलग चालत नाही. चाकाखाली मोगरी (लाकडी अडसर) लागली की थबकतो, पुन्हा ओढतात, पुन्हा मोगरी. तो थबकतो तेवढ्यात रथाची फ्रेम आधी घ्यायची. मग डावी-उजवी गर्दी, दुकानांच्या पाट्या, गच्चीवरची माणसं. सुरुवात नेहमी हलणाऱ्या गोष्टीपासून करा. डाव्या टोकापासून सुरू करून रथापर्यंत पोचेस्तोवर रथ पुढे गेलेला असतो.

दुसऱ्या प्रकाराबद्दल इथले रेल्वेवाले लिहितील अशी आशा. मला स्वतःला यंदाच्या आखाजीला बारागाड्यांचा फोटो हवाय, सगळ्या गाड्या, वरची माणसं, पुढचा गाड्या ओढणारा भगत, सगळं एका ओळीत.

---

रुळांवरचा

भुसावळकर हजर आहे.

कॅमेरा खिळवून गाडी जाऊ द्यायची, हेच उत्तर. स्टँडवर फोन, रुळाला बरोबर काटकोनात, आणि व्हिडिओ चालू. नंतर प्रत्येक फ्रेममधून मधली एक उभी पट्टी कापायची आणि सगळ्या पट्ट्या ओळीने लावायच्या. घोड्यांच्या शर्यतीत फोटो-फिनिशचा कॅमेरा हेच करतो, फट निकालाच्या रेषेवर ठेवलेली असते.

पट्टी किती रुंद, इथे सगळी मेख आहे. उदाहरण देतो. कोळशाच्या उघड्या वाघिणींची (मालडब्यांची), म्हणजे बॉक्सएनची मालगाडी घ्या. एक वाघीण कपलरपासून कपलरपर्यंत, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यांसकट, १०.७ मीटर. ५९ वाघिणी धरल्या तर ६३० मीटरच्या आसपास, इंजिनं वेगळी. समजा १९२० पिक्सेल रुंद व्हिडिओत २० मीटरचा पट्टा मावतोय, म्हणजे जवळजवळ दोन वाघिणी. गाडी ताशी ३६ किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला १० मीटर. मग वाघिणीचं एक टोक फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला २ सेकंदांत जातं. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर १२० फ्रेम. १९२० भागिले १२० बरोबर १६. पट्टी १६ पिक्सेलची. इंजिनं सोडून गाडी ६३ सेकंदांत जाते, ३७८० फ्रेम, आणि चित्र होतं ६०,४८० पिक्सेल रुंद.

वेग माहीत नसला तरी चालतं. एखादी ठळक खूण धरा, ती फ्रेम पार करायला किती फ्रेम घेते ते मोजा आणि भागाकार करा. पट्टी कमी रुंद घेतली तर गाडी आखडते. जास्त घेतली तर प्रत्येक जोडावर तोच भाग परत येतो आणि कडा करवतीच्या पात्यासारख्या दिसतात.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, एक हजारांश सेकंद ठेवा. या हिशेबात गाडी सेकंदाला ९६० पिक्सेल सरकतेय, त्यामुळे एक हजारांशला धूसरपणा एका पिक्सेलच्या आत राहतो. ऑटोवर सोडलं तर फोन शटर मंद करतो आणि वाघिणीवरचे आकडे वाचता येत नाहीत. ते आकडे स्वच्छ वाचता आले तर फोटोला मजा आहे.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. पट्टी जिथून कापणार तिथे विजेच्या तारांचा खांब येता कामा नये. जे स्थिर आहे ते अशा चित्रात आडव्या रेघा होऊन जातं. मागचं शेत म्हणजे हिरवा पट्टा, आभाळ म्हणजे निळा, ओव्हरहेड तार म्हणजे एक सरळ रेघ. खांब फटीसमोर आला तर पूर्ण चित्रभर खांबच. थोडं डावीकडे किंवा उजवीकडे सरकून पट्टी निवडा, एवढंच.

जागा कुठली, असं विचाराल तर सावदा ते रावेर या भागात रस्त्यावरून, शेताच्या बांधावरून गाड्या छान दिसतात. केळीची बाग मधे नको, वाघीण झाकली जाते. हरभरा किंवा गव्हाचं शेत बघा आणि मालकाला विचारूनच बांधावर उभे राहा. रुळांच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तापीच्या पुलावर तर अजिबात नको. दंडापेक्षा जीव मोठा.

---

शिरपूरची_लेक

पांझराकाठ दादा, भुसावळकर दादा, दोघांचं वाचून हुरूप आला. पण माझ्याकडे साधा फोन आहे आणि कॉम्प्युटर नाही. घरी कानबाई देवीची मिरवणूक असते, श्रावणात. डोक्यावर कानबाई घेऊन बायका नाचत निघतात, आख्खी गल्ली भरते. फोनच्या पॅनोरमा मोडनेच काही जमेल का?

---

पांझराकाठ

ताई, जमेल. दोन गोष्टी पाळा.

मिरवणूक ज्या दिशेने चाललीय त्याच्या उलट दिशेने फोन फिरवा. बऱ्याच फोनमध्ये पॅनोरमाचा बाण दाबला की दिशा बदलते. उलट फिरवलं की माणसं जराशी बारीक येतात, पण तुटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, कारण प्रत्येक जण फटीसमोरून पटकन जातो. आणि लांब उभ्या राहा. वीस पावलांवरची बाई हलली तर चित्रात थोडंच सरकते, पाच पावलांवरची खूप सरकते. गल्लीच्या टोकाला एखाद्या धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, मिळालं तर उत्तम.

कानबाई डोक्यावर घेतलेल्या बाईचा फोटो मात्र पॅनोरमाच्या भरवशावर सोडू नका. तिचा वेगळा, साधा फोटो काढा. देवीचा मुखवटा दुभंगलेला आला तर घरच्यांना ते पाहवणार नाही.

---

टापांचा_नाद

सारंगखेड्याबद्दल मी लिहितो. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तापीकाठी घोडेबाजार लागतो. घोडे दौडीत आणि चालीत पारखले जातात, रेवाल, म्हणजे स्वाराला हिसका न देणाऱ्या चालीचा घोडा तर सगळे थांबून बघतात.

इथे तिसरा प्रकार वापरावा, वरच्या दोन्हींच्या मधला. एकच घोडा एका रुंद चित्रात चार-पाच वेळा, दौडीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. कॅमेरा घोड्यासोबत फिरवत सलग फोटो घ्यायचे, शटर एक हजारांशच्या वर. घरी स्थिर पार्श्वभूमी जोडायची, म्हणजे तंबू, कुंपण, झाडं, आणि प्रत्येक जागेवरचा घोडा मास्कने राखायचा.

अंतराचा हिशेब आधी करावा लागतो. भरधाव घोडा सेकंदाला १२ मीटर धरा. कॅमेरा सेकंदाला १० फोटो घेत असेल तर दोन फोटोंत घोडा १.२ मीटर पुढे गेला. घोड्याची लांबी साधारण २.४ मीटर, म्हणजे लागोपाठचे फोटो घेतले तर अर्धा घोडा अर्ध्या घोड्यावर चढतो. दर तिसरा फोटो उचला, मग ३.६ मीटरचं अंतर मिळतं आणि प्रत्येक घोडा सुटा दिसतो. शेपटीचे केस आणि उडालेली माती मास्कमध्ये घ्यायला विसरू नका. माती कापली गेली की घोडा हवेत चिकटवल्यासारखा दिसतो. धुळीचा लोट टापांच्या मागे राहिला पाहिजे, त्यातच दौड आहे.

रेवाल चाल मात्र अशी दाखवू नका, ती व्हिडिओतच बघावी. त्या चालीत स्वाराच्या पोटातलं पाणी हलत नाही असं म्हणतात, आणि ते न हलणं फोटोत उतरत नाही.

---

नंदुरबार_पॅसेंजर

भुसावळ-सुरत गाडीच्या खिडकीतून कुणी प्रयत्न केलाय का? दोंडाईचा सोडलं की उत्तरेला सातपुडा दिसायला लागतो. मला तो सलग हवाय. फोनचा पॅनोरमा लावला की झाडं आणि खांब चिरफाळतात.

---

रुळांवरचा

केलाय. इथे तुम्ही स्वतः हलताय, त्यामुळे प्रश्न अंतराचा होतो. गाडी ताशी ९० ने चालली असेल तर सेकंदाला २५ मीटर. दीडशे मीटरवरची बाभळ व्हिडिओत फ्रेममागे पाचेक पिक्सेल सरकते. खिडकीजवळचा खांब शेकड्याने पिक्सेल पळतो. आणि लांबवरचा सातपुडा जवळजवळ हलतच नाही. पट्ट्यांची पद्धत एकाच अंतराला बरोबर बसते. पाच पिक्सेलची पट्टी घेतली तर बाभळी, विहिरी, शेतातल्या झोपड्या, बैलजोड्या अगदी प्रमाणात येतात, खांब काडीएवढे होतात, आणि डोंगर ताणून ताणून आडव्या रेघा बनतो. शेतांचा पट्टा हवा असेल तर हे करा, फार सुंदर येतं. कापूस वेचणाऱ्या बायकांची ओळ येते, ती नेहमीच्या फोटोत कधीच मिळत नाही.

सातपुडा हवा असेल तर साधे फोटो जोडा. फोन थोडा थोडा वळवत चार-पाच फोटो पटापट घ्या, जुळणीचे बिंदू फक्त डोंगराच्या धारेवर ठेवा, आणि जवळचं शेत जुळत नाही म्हणून खालचा भाग कापून टाका. सुरतेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी, म्हणजे उत्तर. हिवाळ्यात दिवसभर सूर्य दक्षिणेला असतो, ऊन तुमच्या डब्यामागून डोंगरावर पडतं. काच वर करा, काचेतून काढलं की आतली बाकं चित्रात दिसतात. हात आणि फोन खिडकीच्या आतच.

खांब तिरपे येतात ते फोनचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो म्हणून. तो दोष तुमचा नाही.

---

सातपुडा_वाट

साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या कुणी जोडल्या असतील तर एक सूचना. जोड कधीही पात्यांवरून जाऊ देऊ नका. प्रत्येक चक्की एका फ्रेमच्या मधोमध घ्या, जोड दोन चक्क्यांच्या मधल्या रिकाम्या आभाळात.

आणि काठीच्या होळीबद्दल दोन शब्द. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, ढोलाभोवती रात्रभर फेर. बघणाऱ्याला वाटतं की याचा पॅनोरमा काढायलाच हवा. पण नाचणारे लोक व्रत पाळून आलेले असतात, तो देवाचा कार्यक्रम आहे. आधी गावकऱ्यांना विचारा, फ्लॅश मारू नका, फेराच्या आत शिरू नका. रात्री जमत नसेल तर पहाटे होळी पेटल्यानंतर उजाडू लागतं तेव्हा काढा. फेर गोल असतो म्हणून फटीची पद्धत इथे उपयोगाची नाही. जवळून जाणारा आणि पलीकडून जाणारा उलट दिशेला चाललेले असतात, एक सुलटा आला तर दुसरा उलटा येतो. उंचावरून एकच रुंद फ्रेम घ्या. काही ठिकाणी पॅनोरमाची गरज नसते.

---

बोरीकाठचा

पांझराकाठ भाऊ, लई भारी लिखेल शे. आम्हना गावले या आखाजीले.

बारागाड्यांबद्दल सांगतो. बैल सोडलेल्या गाड्या एकामागे एक दोरांनी बांधतात, वर माणसं दाटून उभी, आणि पुढे भगत, त्याच्या दोन्ही हातांना बगले, म्हणजे त्याला आधार देणारे साथीदार. भंडारा उधळला जातो, सगळं पिवळं होतं. गाड्या निघाल्या की धावल्यासारख्या निघतात, थांबवता येत नाहीत, म्हणून रस्त्यात उभं राहून फोटो काढायचा विचार मनातून काढा. रस्त्याच्या सरळ भागाला लागून कुणाचं तरी धाबं असतं, तिथे वर चढा. वळणावर नको. वळणावर गाडी जवळ-लांब होते, भुसावळवाल्या दादांचा हिशेब मोडतो.

एक शंका आहे. फटीच्या पद्धतीत लाकडी चाकाचं काय होतं?

---

रुळांवरचा

फार चांगला प्रश्न. चाकाचा गोल गोलच राहतो, कारण आख्खं चाक गाडीच्या वेगानेच पुढे जातंय. पण आरे वाकतात. फिरत्या चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो आणि जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी थांबलेला असतो. त्यामुळे तुंब्याच्या (चाकाच्या मधल्या गड्ड्याच्या) वर आऱ्यांची दाटी होते, खाली ते विरळ आणि कमानीसारखे दिसतात. उभ्या कुंपणाच्या फटींतून जाणाऱ्या गाडीची चाकं अशी दिसतात, हे पीटर मार्क रॉजे यांनी १८२४ साली गणित मांडून समजावलं होतं. चित्रात हा दोष समजू नका. गाडी खरोखर चालत होती याची ती खूण आहे. रबरी टायरच्या गाडीत हे दिसत नाही, म्हणून लाकडी चाकांची गाडी असेल तर तिच्यावर नजर ठेवा.

---

पांझराकाठ

बोरीकाठच्या भाऊ, येतो नक्की.

आता माझी अडचण. फटीने गाड्या पूर्ण मिळतील, पण दोन्ही बाजूंची गर्दी स्थिर, म्हणजे तिच्या रंगीत रेघा होणार. मला गर्दीही हवी आहे. गाड्या यायच्या आधी गर्दीचा जोडलेला पॅनोरमा काढायचा आणि त्यावर फटीने काढलेल्या गाड्या बसवायच्या, असा विचार आहे.

---

टापांचा_नाद

बसवता येईल, पण तसं लिहा. माझ्या घोड्याच्या फोटोखाली मी "एकच घोडा, पाच क्षण" असं लिहितो, बघणाऱ्याला वाटू नये की पाच घोडे होते. तुमच्या चित्रात गर्दी गाड्या येण्यापूर्वीची असेल, माना दुसरीकडे वळलेल्या असतील. गाड्या समोरून जाताना त्या चेहऱ्यांवर जे येतं ते तिथे नसेल. मला विचाराल तर दोन चित्रं वेगळी ठेवा, एकाखाली एक. वर गर्दी, खाली गाड्या.

---

बोरीकाठचा

मलाही तेच वाटतं. आणि भगत कुठल्याही जोडात येऊ देऊ नका. तो एका फ्रेममध्ये सबंध पाहिजे. गावात तो फोटो घरोघरी लागेल.

---

पांझराकाठ

पटलं. दोन वेगळी चित्रं करतो. भगताचा फोटो बहीण खालून, साध्या फ्रेममध्ये काढेल. मी धाब्यावर फोन लावून ६० फ्रेमचा व्हिडिओ. शटर एक हजारांश, फोकस रस्त्याच्या मधोमध लॉक. गाड्या मालगाडीसारख्या एका वेगाने जाणार नाहीत, सुरुवातीला हळू, मग जोरात. पट्टी एकच ठेवली तर पहिली गाडी ताणलेली आणि शेवटची आखडलेली येईल ना?

---

रुळांवरचा

हो. व्हिडिओचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी रुंदी द्या. लोखंडी धाव लावलेल्या चाकाचा गोल मोजून बघा, तो गोल दिसेपर्यंत रुंदी बदला. चाक गोल आलं की गाडी प्रमाणात आली. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये क्रॉप आणि टाइल हे दोन फिल्टर एकामागे एक लावले की पट्ट्या कापून ओळीने लागतात. शेवटचं चित्र पीएनजी किंवा टिफमध्ये साठवा. जेपेगला एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलची मर्यादा आहे. बारागाड्यांना पुरेल, पण माझ्या मालगाडीला मागे आणखी सहा-सात वाघिणी असत्या तर पुरली नसती.

फोनचं स्टँड धाब्याच्या कडेला नको, माती सुटलेली असते. आणि भंडाऱ्यासाठी लेन्सवर फडकं ठेवा, गाड्या दिसल्या की काढा.